तपशीलपत्रकाचा अर्थ : गेमिंग लॅपटॉप घेण्यापूर्वीची तुलना

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना गेमिंग लॅपटॉपशी काय कर्तव्य, असा प्रश्न या पत्रिकेच्या काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संगणकावरील खेळांसाठी घडविलेले, रंगीबेरंगी दिव्यांच्या कीबोर्डाचे हे यंत्र संशोधकाच्या टेबलावर काहीसे विजोडच दिसते. तथापि बोलींच्या ध्वनिमुद्रणांचे लिप्यंकन, मोठ्या भाषासंग्रहांचे पृथक्करण, उच्चारांची यांत्रिक ओळख ही कामे आता न्यूरल जालांच्या साहाय्याने होऊ लागली आहेत. आणि ही जाले चालविण्यास ज्या प्रकारचे समांतर गणन लागते, ते खेळांतील चित्रे रेखाटण्यासाठी निर्माण झालेल्या ग्राफिक्स कार्डांवर फार चांगले होते. एनव्हिडिया कंपनीने २००७ साली प्रसृत केलेली ‘कूडा’ ही गणनप्रणाली या क्षेत्रातील बहुतेक साधनांचा पाया आहे. ती चालविणारे आणि गावोगाव नेता येण्याजोगे सर्वांत स्वस्त यंत्र म्हणजे गेमिंग लॅपटॉप होय. सारांश, ध्वनिशास्त्रात किंवा संगणकीय भाषाशास्त्रात प्रबंध लिहू पाहणारा विद्यार्थी आज ना उद्या या बाजारात उतरतोच.

तो उतरतो तेव्हा त्याच्या खिशाचा विचार केला पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली. लाख रुपयांचे यंत्र म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची वृत्ती. ज्याला वृत्तीच नाही त्याच्याविषयी काय बोलावे? अशा वेळी दोन यंत्रांची तुलना चुकली तर ती चूक पुढील चार-पाच वर्षे वागवावी लागते. ही तुलना बहुधा यंत्रविद्येच्या अज्ञानामुळे चुकत नाही. ती शब्दांच्या अर्थाविषयीच्या एका गैरसमजामुळे चुकते, आणि म्हणूनच तिची चर्चा या पत्रिकेत अप्रस्तुत ठरू नये.

आपल्या शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे प्रकार सांगितले आहेत. ‘पाचक’ या शब्दाचा अर्थ त्याच्या अवयवांवरून कळतो. ‘पंकज’ हा शब्द अवयवार्थ बाळगूनही कमळापुरताच मर्यादित होतो. आणि पुष्कळ शब्दांत अवयव पाहून काहीच हाती लागत नाही. लॅपटॉपच्या तपशीलपत्रकावरील नावे आकड्यांनी आणि अक्षरांनी बनलेली असल्यामुळे ती पूर्णपणे यौगिक आहेत असा आपला समज होतो: मोठा आकडा म्हणजे मोठे सामर्थ्य, अलीकडचा आकडा म्हणजे अलीकडची घडण. वस्तुतः ती बऱ्याच अंशी रूढ आहेत. आणि ती रूढी ठरविणारा लोकव्यवहार नसून विक्रेता आहे, हा आणखी एक विशेष.

ग्राफिक्स कार्डाचेच उदाहरण घेऊ. एनव्हिडियाचे ‘आरटीएक्स ४०९०’ हे नाव दोन वस्तूंना दिलेले आहे. टेबलावरच्या संगणकात बसणाऱ्या कार्डात १६,३८४ गणनकेंद्रे आणि २४ जीबी स्मृती आहे. लॅपटॉपमधील त्याच नावाच्या कार्डात ९,७२८ केंद्रे आणि १६ जीबी. ही ९,७२८ ची संख्या टेबलसंगणकातील ‘४०८०’ ची होय. म्हणजे लॅपटॉपमधील ४०९० हे एक पायरी खालच्या वस्तूचे नामांतर आहे असे म्हणावयास हरकत नाही. कंपनीच्या अधिकृत नावात ‘लॅपटॉप जीपीयू’ हे शब्द शेवटी असतात खरे, परंतु दुकानातील पाटीपर्यंत पोचेतो ते गळून पडतात. बरे, ही घसरण सर्वत्र सारखी असती तर मनातल्या मनात वजावट करून घेता आली असती. तसेही नाही. ‘४०६०’ च्या बाबतीत दोन्हीकडे केंद्रे ३,०७२ आणि स्मृती ८ जीबीच आहे. ‘४०७०’ मध्ये मात्र टेबलावर ५,८८८ केंद्रे आणि १२ जीबी, तर लॅपटॉपमध्ये ४,६०८ आणि ८ जीबी. ज्या भाषेत एकाच प्रत्ययाचा अर्थ प्रत्येक धातूबरोबर बदलतो, त्या भाषेचे व्याकरण कंठस्थ करण्यावाचून गत्यंतर नसते.

याहून सूक्ष्म प्रकार विद्युत्‌शक्तीचा आहे. एकाच नावाचे कार्ड किती वॉट शक्तीवर चालवावयाचे हे लॅपटॉपचा निर्माता ठरवितो. लॅपटॉपमधील ४०६० साठी एनव्हिडियाने घालून दिलेली मर्यादा ३५ ते ११५ वॉट अशी आहे. पातळ, सडपातळ यंत्रात उष्णता बाहेर टाकण्यास जागा नसते, म्हणून तेथे हे कार्ड निम्म्या शक्तीवर चालविले जाते. जाड यंत्रात ते पूर्ण शक्तीवर चालते. पाटीवर दोन्ही ठिकाणी नाव एकच. २०१७ साली कंपनीने कमी शक्तीच्या कार्डांना ‘मॅक्स-क्यू’ असे भेदक उपपद जोडण्याची प्रथा सुरू केली होती. २०२१ च्या आरंभी आलेल्या लॅपटॉपांच्या ३० मालिकेपासून हे उपपद नावात ठेवण्याची आवश्यकता उरली नाही. त्यावर बरीच टीका झाली, तेव्हा त्याच वर्षी कंपनीने निर्मात्यांना शक्तीचे आकडे जाहीर करावयास सांगितले. तेव्हापासून हा आकडा तपशीलपत्रकात सापडतो, परंतु बहुधा तळटीपेत, बारीक टाइपात. आमच्या मते खरेदीदाराने तपशीलपत्रक तेथूनच वाचावयास आरंभ करावा.

तो आकडा सापडल्यावरही तो एकार्थी असतो असे नाही. प्रोसेसर स्वस्थ असेल तेव्हा त्याच्या वाट्याची काही शक्ती ग्राफिक्स कार्डाकडे वळविण्याची सोय या यंत्रांत असते. एक निर्माता ‘११५ वॉट, अधिक २५’ असे लिहितो. दुसरा तीच गोष्ट ‘१४० वॉट’ अशी लिहितो. दोन पत्रके शेजारी ठेवली की दुसरे यंत्र श्रेष्ठ वाटते, वस्तुतः अर्थ एकच. शिवाय शक्ती आणि वेग यांचे प्रमाण सरळ नाही. वेग वाढविण्यासाठी विद्युत्‌दाब वाढवावा लागतो आणि शक्तीचा व्यय दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ४५ वरून ८० वॉटवर जाण्याचा लाभ ठळक असतो आणि ४०६० सारख्या कार्डात १०० च्या पुढे तो अगदी अल्प उरतो. तेव्हा १४० चा आकडा पाहून हुरळून जाऊ नये, पण ४५ चा आकडा दिसला तर मात्र थबकावे.

आता आपल्या कामाकडे वळू. खेळणाऱ्यास वेग महत्त्वाचा. आपल्यास त्याहून स्मृती महत्त्वाची. येथे स्मृती म्हणजे संगणकाची रॅम नव्हे, ग्राफिक्स कार्डाची स्वतःची स्मृती. यंत्र मंद असेल तर काम रात्रभर चालेल, सकाळी पुरे होईल. स्मृती अपुरी असेल तर ते सुरूच होणार नाही. ध्वनिओळखीसाठी सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयने प्रसिद्ध केलेले ‘व्हिस्पर’ हे प्रतिमान मराठीही ओळखते आणि आपल्याकडील अनेक अभ्यासक ते वापरतात. त्याच्या ‘लहान’ आवृत्तीत २४ कोटी ४० लाख चलपदे आहेत, ‘मध्यम’ आवृत्तीत ७६ कोटी ९० लाख आणि ‘मोठ्या’ आवृत्तीत सुमारे १५५ कोटी. नुसते लिप्यंकन करून घ्यावयाचे तर निर्मात्यांच्याच अंदाजाने अनुक्रमे सुमारे २, ५ आणि १० जीबी स्मृती लागते.

परंतु एखाद्या बोलीसाठी, समजा मालवणीसाठी किंवा अहिराणीसाठी, प्रतिमानास नव्याने वळण लावावयाचे असेल तर हिशेब बदलतो. सर्वसाधारण पद्धतीत प्रत्येक चलपदामागे त्याचे मूल्य ४ बाइट, त्याचा उतारांक ४ बाइट आणि दुरुस्तीच्या गणितासाठी आणखी दोन संख्यांचे ८ बाइट, असे १६ बाइट गुंततात. लहान आवृत्तीस याप्रमाणे सुमारे ३.९ जीबी लागतात, मध्यमेस १२.३ जीबी. मधल्या गणनाची जागा याखेरीज. म्हणजे ८ जीबीच्या कार्डावर लहान आवृत्तीचे पूर्ण प्रशिक्षण करता येते आणि मध्यमेचे येत नाही. प्रतिमानाचा बराच भाग गोठवून थोडीच चलपदे शिकविण्याच्या युक्त्या आहेत, त्यांनी ही मर्यादा पुष्कळ सैल होते. पण ज्याला त्या युक्त्या शिकण्यास वेळ नाही त्याने हा हिशेब कागदावर मांडल्याखेरीज बाजारात जाऊ नये.

या हिशेबाच्या उजेडात किमतींकडे पाहिले की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. लॅपटॉपमधील ४०६० आणि ४०७० या दोहोंत स्मृती ८ जीबीच आहे. २०२५ साली आलेल्या ५०६० आणि ५०७० यांतही ८ जीबीच. वरच्या आकड्यासाठी जो अधिक पैसा द्यावा लागतो त्याने आपली मुख्य अडचण तसूभरही दूर होत नाही. याउलट ‘५०७०’ पुढे ‘टीआय’ ही दोन अक्षरे आली की स्मृती १२ जीबी होते. आकड्याने होत नाही ते प्रत्ययाने होते! अर्थात या दोन अक्षरांचे मोल मोठे असते आणि ते पेलणे प्रत्येकास शक्य नाही. ज्याचे काम ८ जीबीत बसते त्याने ४०६० किंवा ५०६० वर थांबावे आणि ज्याचे बसत नाही त्याने १२ जीबीवर जावे. मधल्या ४०७० आणि ५०७० ची खरेदी खेळाडूस शोभेल, आपल्यास नाही. हे मत काहींस आततायी वाटेल, पण वरील गणितातून दुसरा निष्कर्ष निघत नाही.

प्रोसेसरांच्या नावांत तर कालगणनेचाच घोळ आहे. एएमडी कंपनीने २०२३ च्या लॅपटॉप-प्रोसेसरांसाठी चार अंकांची एक पद्धती योजिली. तीत पहिला अंक वर्षाचा, दुसरा दर्जाचा आणि मूळ घडणीची पिढी सांगणारा अंक तिसरा. तेव्हा ७८४० मधील ४ म्हणजे चौथी पिढी. ७७३५ मधील ३ म्हणजे त्याआधीची. आणि ७५२० मधील २ म्हणजे २०१९ साली प्रथम बाजारात आलेली दुसरी पिढी, केवळ २०२३ च्या वेष्टनात. व्याकरण म्हणून ही पद्धती निर्दोष आहे, प्रत्येक स्थानास निश्चित अर्थ आहे. पण वाचणारा डावीकडून वाचतो आणि पहिल्या अंकावरच समाधान पावतो. ही पद्धतीही फार टिकली नाही. २०२४ मध्ये नवी नावे आली. इंटेलचा प्रकार निराळा. २०२२ चा ‘आय५-१२४५०एच’, २०२३ चा ‘आय५-१३४२०एच’ आणि २०२५ चा ‘कोअर ५ २१०एच’ या तिहींत चार मोठी आणि चार लहान अशी आठच केंद्रे आहेत. कमाल वेगात थोडाथोडा फरक. जुन्या नावाचे यंत्र चार-पाच हजारांनी स्वस्त मिळत असेल तर ते निःशंक घ्यावे. आपल्या कामात प्रोसेसर सहसा अडत नाही.

स्क्रीन आणि रॅम यांविषयी थोडक्यात सांगतो. ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेली स्क्रीन नेहमीच्या रंगमानाच्या साठ-बासष्ट टक्केच रंग दाखविते. छायाचित्रकारास ते चालणार नाही. ‘प्राट’ मधील ध्वनिलेख मात्र करड्या छटांतच दिसतो, त्यास काय होय? १४४ हर्ट्झ, १६५ हर्ट्झ हे आकडे वाचनास निरुपयोगी. प्रकाशाची तीव्रता ३०० निट्सहून कमी नसावी, कारण डोळ्यांचा प्रश्न आहे. आणि तेथे ‘पर्यंत’ हे अव्यय आले असेल तर ते कमाल दर्शविते, हमी नव्हे. रॅम १६ जीबी असेल तर ती एकाच पट्टीची की ८-८ च्या दोन पट्ट्यांची हे विचारावे. दोन पट्ट्यांत वेग अधिक, एका पट्टीत पुढे वाढविण्याची सोय अधिक. बोर्डावर डाकलेल्या रॅममध्ये ही सोयच नसते. ‘आत्ता कमी रॅमचे घ्या, पुढे वाढवा’ हा जुना उपदेश होता; २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढल्यापासून तो डोळे मिटून पाळण्याजोगा राहिलेला नाही. डिस्कची चिंता करू नये. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकमार्गी ध्वनिमुद्रणास तासाला सुमारे ३१८ एमबी लागतात. शंभर तासांचा संग्रह ३२ जीबीत बसतो. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ च दिसते ती फसवणूक नव्हे. निर्माता हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीने, आणि दोघेही त्यास ‘जीबी’ च म्हणतात.

तपशीलपत्रकात जे लिहिलेले असते त्याइतकेच जे लिहिलेले नसते तेही वाचावे लागते. पंख्यांच्या आवाजाविषयी क्वचितच कोठे शब्द असतो. पूर्ण शक्तीवर चाललेला गेमिंग लॅपटॉप इतका घोंघावतो की त्याच खोलीत वृद्ध निवेदकाचे बोलणे मुद्रित करणे अशक्य होते. महाप्राण आणि घर्षक ध्वनींचा अभ्यास करणाराने तर तो शेजारीही ठेवू नये. ‘शांत’ अवस्था असते, पण तीत वॉट उतरतात, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच उतरते. मुद्रणासाठी निराळा रेकॉर्डर हवाच, आणि त्याची किंमत तुलनेत धरली पाहिजे. वजन लिहिलेले असते, सव्वादोन-अडीच किलो. चार्जरचे मात्र नसते, आणि तो अर्ध्या किलोहून जड असू शकतो. उष्णतेच्या चाचण्या साधारणतः वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. नागपूर-चंद्रपुराकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. बाहेरची हवा जितकी तापते जवळजवळ तितकेच आतील भागही अधिक तापतात, आणि प्रोसेसर ९५ ते १०० अंशांस पोचला की तो आपण होऊन आपला वेग आवरतो. पुण्यातील परीक्षकाने दिलेला निकाल विदर्भातील कार्यक्षेत्रास तसाच लागू होईल असे धरू नये.

बॅटरीविषयी एक साधा भागाकार पुरे. विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी शंभर वॉट-तासांच्या आतच ठेवतात. ग्राफिक्स कार्डास ११५ आणि प्रोसेसरास ४५ वॉट धरले तर अशी बॅटरी पाऊण तासही पुरणार नाही. म्हणून बॅटरीवर यंत्र आपली शक्तीच घटविते. ‘आठ तास’ हे शब्द खरे असतील, पण ते आठ तास गेमिंग लॅपटॉपचे नसतात.

शेवटी किंमत. छापील कमाल किंमत, तीवर खोडलेली रेघ आणि खाली ‘सवलतीची’ किंमत, ही मांडणी आपण सर्वांनी पाहिली आहे. खोडलेल्या किमतीस तुलनेत काहीच स्थान नाही. त्या किमतीस ते यंत्र कोणी घेतलेले नसते. विशिष्ट बँकेच्या कार्डावरील सूट ज्याच्याजवळ ते कार्ड आहे त्याच्यापुरतीच खरी. ‘विनाखर्च हप्ते’ हा शब्दप्रयोग तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चिंतनास देण्यासारखा आहे. बँक व्याज लावतेच. विक्रेता तितकी रक्कम आधी वजा करतो. पण व्याजावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि बँकेचे प्रक्रियाशुल्क ग्राहकाकडेच राहते. व्याज ६,००० रुपये असेल तर कर १,०८० रुपये. रक्कम लहान आहे, परंतु ‘विना’ या शब्दाचा अर्थ तितक्याने बदलतो.

समजा, एक यंत्र ९२,००० चे आहे: ४०६०, ७५ वॉट, ८ जीबीची एक पट्टी, एक वर्षाची हमी. दुसरे १,००,००० चे: ४०६०, ११५ वॉट, ८-८ च्या दोन पट्ट्या, हमी तीच. नावे पाहिली तर पहिले आठ हजारांनी स्वस्त. पहिल्यात आणखी एक पट्टी घालावी लागणारच. तिचा त्या दिवसाचा भाव आठ हजारांतून वजा करावा आणि उरलेली रक्कम ४० वॉटचे मोल आहे की नाही हे स्वतःच्या कामावरून ठरवावे. ज्याचे प्रशिक्षण रात्री चालते त्याला ते मोल फारसे नाही. स्मृती दोन्हींत ८ जीबीच आहे. हमीची सेवा घरी येते की यंत्र जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते, हेही त्याच वेळी विचारावे. आणि वर्षातून दोनच आठवडे मोठे प्रशिक्षण करावयाचे असेल, तर विद्यापीठातील सामायिक यंत्र किंवा तासाच्या भाड्याने मिळणारे दूरस्थ ग्राफिक्स कार्ड यांचाही हिशेब मांडावा. तसे झाल्यास पन्नास-साठ हजारांचा, हलका, कमी आवाजाचा साधा लॅपटॉपच अधिक उपयोगी ठरतो. विभागातील निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांची गरज याच वर्गात मोडते, असे आमचे मत आहे.

यंत्र हाती आल्यावर एक तपासणी अवश्य करावी. एनव्हिडियाच्या नियंत्रणफलकात ‘सिस्टिम माहिती’ या सदराखाली त्या कार्डाची कमाल शक्ती वॉटमध्ये दिलेली असते. ती तळटीपेतील आकड्याशी ताडून पाहावी, कार्डाची स्मृतीही तेथेच पाहावी, आणि हे सर्व परतीची मुदत संपण्याच्या आत करावे; ही मुदत पुष्कळदा सात दिवसांचीच असते, आणि कित्येक विक्रेते केवळ बदलून देतात, पैसे परत करीत नाहीत.